घर तिथं घमेलं

जळगाव, १७ जानेवारी

सुयश,
सप्रेम जयभीम.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरावरून लागत नाही. आईच्या फोनवरून करून पाहिला, तर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून शिंदखेड्याला तू शिकवतोस त्या आयटीआयच्या पत्त्यावर लिहिते आहे. शिपाई सगळ्यांसमोर पत्र हातात देईल, आणि सगळ्यांसमोर बहिणीचं पत्र फाडायला तुला लाज वाटेल, एवढा माझा हिशेब आहे.

आधी भिका आबांचं. ऑपरेशन नीट झालं. मांडीच्या हाडात सळई घातली आहे, मनगटाला प्लास्टर आहे. परवा घरी सोडतील. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत काठीनं चालतील, पण केळीचे घड वाहणं आता विसरा. नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या लिलामायला हे मी अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता ज्यावरून तू दवाखान्यातून उठून गेलास ते. आबा आत ऑपरेशनला होते आणि बाहेर मी चुडामण मिस्तरीला सांगत होते की स्लॅबच्या दिवसाच्या हजेरीपटात आबांचं नाव घाल. तू ऐकलंस. तुला त्यात लबाडी दिसली. माझी बाजू तू ऐकून घेतली नाहीस, ती इथं लिहिते.

सभागृहाचं काम मला मिळालं तेव्हा बांधकाम विभागानं विमा काढल्याशिवाय कुदळ मारू दिली नाही. त्यात एक कामगारांचा विमा आहे. साइटवर रोजानं असलेला माणूस पडला, जखमी झाला, तर कंपनी भरपाई देते. चूक कुणाची, हे त्यात कुणी विचारत नाही. मजूर होता, कामावर होता, पडला, एवढं पुरतं. मी चौदा माणसांचा विमा उतरवला होता. आबा त्या दिवशी आपल्या साइटवर होते, घमेली वर देत होते, परांचीवरून पडले. फक्त ते मजूर नव्हते. श्रमदानाला आले होते. सगळी वस्तीच आली होती.

'घर तिथं घमेलं' हे वस्तीच्या बैठकीत ठरलं, तेव्हा तू नव्हतास. म्हातारी माणसं म्हणाली, पैसा सरकारचा असला तरी विहाराच्या सभागृहाच्या स्लॅबमध्ये प्रत्येक घरानं निदान एक घमेलं आपल्या हातानं टाकलं पाहिजे. वस्तीची मुलगी ठेकेदार झाली आणि तीच म्हणणार का, की माझ्या कामाला हात लावू नका?

तेव्हा एक नाव वाढलं तर कुणाचं काही जात नाही, आणि आबांना हक्कानं भरपाई मिळते. कंपनीचा तपासनीस येईल. दवाखान्यात आबांना दाखल करताना सही तू केलीस, म्हणून तो तुलाही विचारेल. तू इतकंच म्हण की आबा त्या दिवशी रोजानं होते. परांचीच्या फळीचं विचारलं तर सरकली म्हण. फळीबद्दल तू मला काहीतरी म्हणत होतास असं आई सांगते. मिक्सर चालू होता, मला काही ऐकू आलं नाही.

आणखी एक. मी काम अर्धवट टाकून पळाले तर नुकसान भरून देऊ, असं बँकेनं विभागाला लिहून दिलं आहे. कामाची हमी बँकेनं घेतली आणि माझी हमी तू. जामीनदार म्हणून तुझी सही आहे तिथं. माझं नाव काळ्या यादीत गेलं आणि काम थांबलं, तर बँक आधी माझ्याकडं येईल आणि मग तुझ्या पगाराकडं. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. पण तपासनिसाशी बोलताना लक्षात असू दे.

आई बरी आहे. सपनाला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
मृणालीअक्का


गावाहून, २९ जानेवारी

सुयश,

सपनाचा फोन आला होता. तू बाजारात गेला होतास म्हणे. रागावू नकोस तिच्यावर, मीच तिला विचारलं की पत्र पोचलं का. ती म्हणाली, "अक्का, पत्र उशीखाले शे. वाचतस, पन बोलतस काहीच नही." आईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, सासरवाडीच्या अहिराणी 'शे'नं तोंड धरलं असेल त्याचं, म्हणून आपल्याशी बोलत नसेल. मग लगेच पदरानं डोळे पुसले. तुझं न बोलणं मी सहन करू शकते. आईला जमत नाही.

मी दोन दिवस गावातच आहे. स्लॅबवर आळी करून पाणी धरलं आहे, ते सुकू द्यायचं नाही म्हणून रोज संध्याकाळी जाऊन बघते. चौदा एप्रिलच्या आत रंगकामासकट सगळं द्यायचं आहे.

आबांना घरी आणलं. खाट ओसरीत टाकली आहे, तिथून आपलं सभागृह दिसतं. त्यांच्या पायाला दुखतं का, हे मी विचारायच्या आत ते मला विचारतात, स्लॅबवर पाणी मारलं का. दिवसातून चार वेळा विचारतात. लिलामाय म्हणते, "त्या स्लॅबले पाणी पाज्याची एवढी काळजी, अन् सोता पाणी पित नही, संडासले जा लागीन म्हनून."

ती फार थकली आहे, सुयश. पोरगी नाशिकला, जावई एकाच दिवसासाठी येऊन गेला. आबांना उठवणं, बसवणं, धुणं, सगळं तिच्यावर. वरून कापणीचे दिवस, त्यामुळं तिचीही मजुरी बुडते आहे. घडांचं मी अखेर तिला सांगितलं.  तिनं कोनाड्यातला आबांचा खांद्यावर टाकायचा जाड कपडा काढला, झटकला, घडी घातली आणि पेटीत ठेवून दिला.

काल संध्याकाळी ती पाण्याला गेली तेव्हा मी आबांशी बोलले. तपासनीस येणार आहे, तो रोज किती होता असं विचारेल, तुम्ही चुडामणच्या माणसांचा होता तोच सांगा. हजेरीत तुमचं नाव आहे, घाबरायचं कारण नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, यंदा करप्यानं केळीची पानं लवकर पिवळी पडून राह्यली. मी परत मुद्द्यावर आले. ते परत केळीवर गेले.

शेवटी मी विचारलं, आबा, सांगाल ना एवढं? ते म्हणाले, "पाहू." ते 'पाहू' म्हणजे काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू त्यांच्या सायकलच्या दांडीवर वाढलेला. मी नुसतं ऐकून घेतलं.

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते. पण आहे.

अक्का


जळगाव, ११ फेब्रुवारी

सुयश,

काल तपासनीस येऊन गेले. भूपेंद्र नावाचे गृहस्थ आहेत, जामनेरचे, पन्नाशीच्या पुढचे. मोटरसायकलवर आले, आधी साइट पाहिली. परांची मी अजून सोडलेली नाही. त्यांनी ती खालून-वरून पाहिली, फोटो काढले. कुंपणाला 'कामाशी संबंध नसलेल्या व्यक्तींस प्रवेश नाही' अशी पाटी आहे, तिचाही काढला. मग आबांकडं गेले. मी सोबत नको असं त्यांनी सभ्यपणे सुचवलं होतं. पण लिलामायनं चहा ठेवला, मी तिला मदत करायच्या निमित्तानं आत चुलीपाशी बसले. ओसरीतलं सगळं ऐकू येत होतं.

माणूस बोलका आहे. केळीचे भाव, व्यापारी घडात काय काय खोट काढतात, यावर दोघांचं बराच वेळ चाललं. आबा खुलून बोलत होते. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, त्या दिवशी रोज काय ठरला होता तुमचा?"

आबा म्हणाले, रोज नव्हता. भूपेंद्र म्हणाले, म्हणजे नंतर द्यायचा होता का? हजेरीत तर नाव आहे तुमचं.

"नही साहेब," आबा म्हणाले. "जिंदगीभर मजुरीलेच गेलो. ताप असला तरी गेलो. माय वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी गेलो. त्या एका दिवशी मजुरीले नव्हतो गेलो. तेवढा दिवस राहू द्या माह्याकडं."

 लिलामायनं कपबशा उचलल्या, बाहेर नेऊन ठेवल्या आणि भूपेंद्रांना म्हणाली, "राहू द्या त्याइच्याकडं. उद्यापासून तोच दिवस शिजवून घालते त्याइले." आबा हसले. ती हसली नाही.

बाहेर मोटरसायकलपाशी भूपेंद्रांनी मला विचारलं, मॅडम, तुमचा कागद म्हणतो मजूर, माणूस म्हणतो मजूर नव्हे. मी काय लिहू?  मग तेच म्हणाले, आज मी काहीच लिहीत नाही. पंधरा दिवस घ्या, तुमचं म्हणणं लेखी द्या. गाडीला किक मारल्यावर पुन्हा थांबले आणि म्हणाले, एवढी वर्षं या कामात आहे. रोजानं नसलेली माणसं रोजानं होतो म्हणून सांगताना रोज ऐकतो. उलटं पहिल्यांदा ऐकलं.

मी यावलपर्यंत आबांवर चिडलेली होते. गाडी चालवताना त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मोठं खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, एक आकडा सांगायचा होता. लिलामायचं तोंड बघवत नव्हतं. जळगावच्या जवळ आल्यावर राग उतरला, आणि मग मला आपले आजोबा आठवायला लागले. म्हणजे त्यांच्याबद्दल आई जे सांगते ते. कुणाच्याही घरी कार्य निघालं की हाक यायची आणि हातातलं टाकून फुकट राबायला जायचं. त्या पिढीनं आधी नाही म्हणायला शिकून घेतलं, मग रोज मागायला. आबा रोज मागणाऱ्यांतले. अर्ध्या दिवसाचाही सोडत नसत, बागाईतदारांना ठाऊक आहे. त्या माणसानं एक दिवस आपण होऊन दिला. आणि मी त्यांना सांगत होते की तो तुम्ही दिलाच नाही, विकला.

तू दवाखान्यात एवढंच म्हणाला होतास, "अक्का, आबांना तरी विचार." मी म्हटलं होतं, बेशुद्ध माणसाला काय विचारू. शुद्धीवर आल्यावर विचारायला हवं होतं. तेव्हा मी त्यांना सांगायला गेले.

हजेरीपटातलं नाव मी काल रात्री खोडलं आणि बाजूला सही केली. भूपेंद्रांना तसं कळवलं आहे. म्हणजे कामगारांच्या विम्याची वाट आपल्या हातानं बंद झाली. आता आबांना काय मिळणार, हे मला आज तरी माहीत नाही.

मृणाली


जळगाव, २३ फेब्रुवारी

सुयश,

मागच्या पत्रात शेवटी लिहिलं की आबांना काय मिळणार हे माहीत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. एक वाट आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

कामाचा जो मोठा विमा असतो, भिंत पडली, पूर आला, आग लागली यासाठीचा, त्याचा दुसरा भाग बाहेरच्या माणसांसाठी असतो. रस्त्यानं जाणाऱ्याच्या डोक्यात वीट पडली तर ठेकेदाराला जे भरून द्यावं लागेल, ते कंपनी देते. कागदावर अशा माणसाला त्रयस्थ म्हणतात. ठेकेदाराच्या मजुरांना तो भाग लागू होत नाही, त्याच्या नात्यातल्यांनाही नाही. आबा मजूर नव्हते, आणि आपले नात्यानं कुणी नाहीत. आपले वडील गेल्यावर ज्यांनी आपल्या घरात दळण टाकलं, तुला आयटीआयच्या रांगेत उभं केलं, ते कागदावर आपले कुणीच नाहीत, आणि तेच आज बरं आहे.

पण यात एक अट आहे. कामगारांच्या विम्यात चूक कुणाची ते विचारत नाहीत. इथं तेच विचारतात. ठेकेदाराच्या चुकीनं माणसाला इजा झाली, तरच कंपनी देणार. म्हणजे आबांना काही मिळायचं असेल तर चूक माझी ठरली पाहिजे. हजेरीपटात नाव घालायची घाई मला का झाली होती, हे तू दवाखान्यात ओळखलं असशील. आबांसाठी होतीच. माझ्यासाठीही होती.

चूक माझी ठरली तर विभाग मला विचारणार. पाटी लावली असताना वस्तीला आत का घेतलं? चौदा माणसांच्या परांचीवर सगळं गाव का चढवलं? फळीचं टोक कुणी तपासलं? नोंदणी जाईल की नुसती समज मिळेल, सांगता येत नाही. नोंदणी गेली तर काम दुसऱ्याला देतील आणि बँकेची हमी जप्त करतील. तिथं तू आहेस.

म्हणून मी आधी बँकेत गेले. मॅनेजरना म्हटलं, भावाचं नाव काढा, दुसरा जामीनदार देते. ते म्हणाले, द्या, पगारदार द्या, तोपर्यंत जुनाच. मी दोघांना विचारलं. एकाचं म्हणणं, घरी विचारून सांगतो. दुसऱ्यानं आबांच्या तब्येतीची फार आस्थेनं चौकशी केली आणि फोन ठेवला. तेव्हा आज तरी तूच आहेस. पहिल्या पत्रात मी हे तुला गप्प बसवण्यासाठी लिहिलं होतं. आज लिहिते ते तुला माहीत असावं म्हणून.

आता अडचण. मी स्वतःच्या विरुद्ध मागणी करू शकत नाही. आबांनी मला लेखी नोटीस दिली पाहिजे की तुझ्या चुकीमुळं माझं नुकसान झालं, ते भरून दे. ती मी कंपनीकडं पाठवणार. परवा मी कागद-पेन घेऊन त्यांच्याकडं गेले आणि हे समजावून सांगितलं. त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. "वस्तीच्या पोरीवर कागद करू? मंग सभागृह कशाले बांधलं आपुन, एकमेकावर कागद कऱ्यासाठी?" मी म्हटलं, आबा, पैसे माझ्या खिशातून जाणार नाहीत, कंपनी देणार. म्हणाले, "नाव तं तुहंच लागीन." मी म्हटलं, चूक माझीच आहे. म्हणाले, "फळी सरकली. माहाच पाय चुकला."

लिलामायनं मला दारापर्यंत सोडलं. म्हणाली, ते खोटं बोलत नही म्हणून कामगाराचे पैसे गेले, आता तुह्यासाठी खोटं बोलतेत म्हणून हेही जातीन. मी काय करू, तूच सांग.

मला सांगता आलं नाही. म्हणून तुला लिहिते. आबा माझं ऐकणार नाहीत, मी त्यांच्या लेखी वस्तीची इज्जत आहे. तुझं ऐकतील. तू तिथं होतास, तू परांची पाहिली होतीस. त्यांच्याशी बोल. नोटीस लिहायची झाली तर तूच लिही, त्यांच्या शब्दांत, आणि त्या दिवशी जे पाहिलंस ते साक्षीदार म्हणून खाली लिही. या वेळी काय लिहायचं ते मी सांगत नाही.

मी येत्या रविवारी जळगावात आहे. गावात नसेन.

मृणाली


जळगाव, १६ मार्च

सुयश,

तुझं पत्र मिळालं. नोंदणीकृत टपालानं आलं, पोस्टमननं सही घेतली. दोन महिन्यांत तुझं पहिलं पत्र, आणि वर 'ठेकेदार श्रीमती मृणाली यांस नोटीस' असं तुझ्या अक्षरात. खाली आबांची सही आहे. प्लास्टर निघालं आहे, तरी 'भिका'मधला काना खाली घसरलाय.

तू रविवारी येऊन गेलास, आईच्या हातची बट्टी खाल्लीस, दुपारभर आबांच्या खाटेवर बसलास, हे सगळं लिलामायनं फोनवर सांगितलं. आईनं तेवढं सांगितलं नाही. तिला अजून वाटतं की तू येऊन गेलास हे मला कळू नये अशी तुझी इच्छा आहे.

लिलामाय सांगत होती, तासभर आबा ऐकेनात. दान दिलं त्याची भरपाई मागायची नसते, एवढंच धरून बसले होते. मग तू म्हणालास, "आबा, तुम्ही घमेलं दान दिलं. पाय नव्हता दिला." त्यावर आबा आपल्या पायाकडं पाहून म्हणाले, "हे खरं. पाय मी लिहून नव्हता दिला कोनाले." मग म्हणाले, आण तो कागद. पण आधी वाचून दाखव, पोरीबद्दल वाकडं काही लिहिलं असशील तर सही नाही. लिलामायनं तिथंच त्यांना सुनावलं म्हणे की वाकडा तुमचा पाय झाला, कागद सरळच असू द्या. सुयश, ती फोनवर हे सांगताना हसत होती. पाच जानेवारीला आबा पडले तेव्हापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

मी नोटीस त्याच दिवशी कंपनीकडं पाठवली आणि सोबत माझा जबाब दिला. विभागालाही मीच कळवलं, दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांची 'कारणे दाखवा' नोटीस आली आहे. उपअभियंता म्हणाले, काम चांगलं आहे, स्लॅबला एक डाग नाही, पण कागद वर गेल्यावर माझ्या हातात काही राहत नाही. गिलावा चालू आहे. चौदा एप्रिलला सभागृह उघडेल. ते माझ्या हातून पूर्ण झालेलं असेल की नाही, हे अजून ठरायचं आहे. बँकेनं दुसरा जामीनदार घेतलेला नाही. हे सगळं माहीत असून तू साक्षीदार म्हणून सही केलीस.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते.

तुझी साक्ष मी पुन्हा पुन्हा वाचली. परांचीच्या खालून तिसऱ्या थराची फळी, तिचं डाव्या हाताचं टोक तारेनं बांधलेलं नव्हतं, हे आहे. कामगारांना टोप्या होत्या आणि वस्तीच्या माणसांना नव्हत्या, हे आहे. आबा वाकून घमेलं घेत असताना टोक उचललं गेलं, हेही आहे. सगळं तसंच झालं. पण तू मला आधी सांगितलं होतंस, हे कुठंच नाही. माझ्या पहिल्या पत्रातलं मिक्सरच्या आवाजाचं तू खरं धरलंस, की धरल्यासारखं केलंस, मला माहीत नाही. बहुधा तू मला तेवढं सोडलंस.

मला ऐकू आलं होतं. तू म्हणालास, "अक्का, ती फळी बांधून घे, मग माणसं चढव." मी म्हणाले, "हो, बघते." चुडामणला हाक मारायला वळले, तेवढ्यात उपअभियंत्यांची गाडी आली. त्यांना खुर्ची दिली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला पुढं नेलं, कुणीतरी म्हणालं फोटो काढू, मी उभी राहिले. त्या फोटोत मी हसते आहे आणि माझ्या मागं लोक परांचीवर चढताहेत. मी विसरले होते. मुद्दाम टाळलं नाही, पण विसरले.

हे मी माझ्या जबाबात लिहिलं आहे. लिहिण्याआधी भूपेंद्रांना विचारलं, कारण यामुळं आबांची मागणी फेटाळली गेली असती तर मनाच्या समाधानासाठी लिहिण्याचा मला काही अधिकार नव्हता. ते म्हणाले, मॅडम, मुद्दाम केलेलं कंपनी भरत नाही. माणूस विसरतो, म्हणून तर विमा असतो. पण तुमच्या जबाबात एक गोष्ट आणि साक्षीदाराच्या साक्षीत ती नाही, असं झालं तर वरची माणसं फाइल बाजूला ठेवतील, आणि बाजूला ठेवलेली फाइल पुन्हा हातात यायला वर्ष जातं.

आबांकडं वर्ष नाही. लिलामायकडं तर नाहीच.

शुक्रवारी भूपेंद्र शिंदखेड्याला तुझ्या आयटीआयवर येतील. तुझा तास संपेपर्यंत थांबतो म्हणाले आहेत. ते तुला विचारतील, 'फळी बांधलेली नाही, हे तुम्ही तुमच्या बहिणीला आधी सांगितलं होतं का?'

तू हो म्हण.

मृणाली